असईची लढाई आणि बातमीची वाट

आमच्या बुलढाणा जिल्ह्याची पश्चिम शीव ओलांडली म्हणजे जाफराबाद-भोकरदनचा मुलूख लागतो. तेथें केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यांत असई हें गांव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं येथें शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं इंग्रजांची लढाई झाली. ही कथा शौर्याची म्हणून सांगतात. मी ती बातमीची म्हणून सांगणार आहें.

२१ सप्टेंबरला बदनापुरास आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांनीं ठरविलें कीं, दोघांनीं निराळ्या वाटांनीं जावें व २४ तारखेस मिळून हल्ला करावा. शत्रु 'भोकरदनला' आहे, असें हरकाऱ्यांनीं सांगितलें होतें. परंतु भोकरदन हें गांवाचेंही नांव आणि परगण्याचेंही! स्वार भोकरदनकडे होते. पायदळ व तोफा मात्र असईजवळ. परिणामीं वेलस्ली एक दिवस आधींच शत्रूसमोर येऊन ठेपला. स्टीव्हन्सन तोफांचा आवाज ऐकून निघाला खरा, पण वाटाड्यामुळें भलतीकडे गेला आणि २४ च्या सायंकाळीं पोहोंचला.

केळणेला जवळपास उतार नाहीं, असें वाटाडे सांगत होते. वेलस्लीनें समोरासमोरच्या कांठांवर दोन गांवें पाहिलीं आणि त्यांच्यामध्यें उतार असलाच पाहिजे, असें अनुमान केलें. तें खरें ठरलें. पुढें एका तुकडीच्या नायकानें हुकुमाचा अर्थ चुकीचा घेतला. ती थेट असईच्या तोफांपुढें गेली आणि तिच्यामागून गेलेल्या ७४ व्या पलटणीची दाणादाण उडाली. विजय मिळूनही इंग्रजांकडील सुमारें १,६०० माणसें मेलीं वा जखमी झालीं.

आज हाच प्रश्न यंत्रमानवांपुढें उभा आहे. २०१८ ते २०२१ या काळांत अमेरिकेंत भुयारांत शोध घेणाऱ्या यंत्रमानवांची स्पर्धा झाली. खडकांआड बिनतारी संदेश तुटतो. म्हणून कित्येक यंत्रें संदेश पुढें धाडणारीं लहान उपकरणें वाटेंत टाकीत जात, संबंध तुटला तरी स्वतःच्या नकाशावर काम चालवीत, आणि तो पुन्हां जुळतांच बाहेरच्या मनुष्यास माहिती देत.

हरकारे खोटें बोलले नव्हते. शब्द एक होता, अर्थ दोन झाले. तेव्हां हरकारा धाडा कीं यंत्र धाडा, निघण्यापूर्वीं नांवांचा अर्थ ठरवून घ्यावा. आणि बातमी न पोहोंचल्यास आपल्या डोळ्यांनीं उतार शोधण्याची मुभाही द्यावी.