तळटीप : ‘रोझ वाइन’
* मूळ मजकुरात इथे नुसते ‘रोझ वाइन’ असे आहे. नाशिककडे मिळते ती गुलाबी ‘रोझे’ ही नव्हे. रोझेचा गुलाबाशी संबंध रंगापुरताच. काळ्या द्राक्षांची साले रसात काही तास ठेवून काढून घेतली, की तो रंग येतो. कँटनी स्वयंपाकातली ही ‘मेइ-क्वेइ-लू’ म्हणजे गुलाबपाकळ्या आणि खडीसाखर घातलेली ज्वारीची दारू. वाइन कसली, साधारण ५४ टक्के मद्यार्क! झाकण काढले की आधी गुलकंदाच्या बरणीसारखा वास, आणि त्याच्या मागोमाग नाकात झणका. म्हणून ती चमच्याने मोजतात : ‘चार सिउ’ या पदार्थासाठी डुकराचे मांस मुरवताना, सोया सॉसमध्ये कोंबडी शिजवताना, लाप चेऊंग या वाळवलेल्या सॉसेजमध्ये. प्यायचीच तर अगदी छोट्या पेल्यातून. मात्र खास स्वयंपाकासाठी विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत बहुधा मीठ घातलेले असते. लेबल पाहावे, तसली बाटली पिण्याच्या कामाची नाही, आणि ती वापरली तर पदार्थात मीठही बेतानेच घालावे. पुढच्या कृतीतला ‘एक पेला’ हा आम्हांला मुद्रणदोष वाटतो. वाचकांनी एक मोठा चमचा घ्यावा. — संपादक