भांडे केवढे घ्यावे?

परदेशात घरच्या घरी बीअर करणाऱ्या हौशी मंडळींना पहिला प्रश्न पडतो तो भांड्याचा. २० लिटर बीअर हवी असेल तर ३० ते ४० लिटरचे भांडे घ्या, असे त्यांच्यातले जाणकार सांगतात. उकळताना फेस वर येतो, म्हणून मोकळी जागा हवी. आपल्या गोव्यातल्या काजूच्या भट्टीवाल्याला हे शिकवावे लागत नाही. भाण काठोकाठ भरले तर रस उतू जाऊन थेट लवनीत उतरणार आणि हुर्राकाची माती होणार, हे त्याला ठाऊक असते.

पण भांड्याचे माप फक्त चुलीवर ठरत नाही, ते सरकारदरबारीही ठरते. याचे बोलके उदाहरण मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसर भागात आहे. २०२३ साली छिंदवाड्यातून फुटून हा वेगळा जिल्हा झाला. राज्य हिंदी, पण बोली मराठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणारी इथली गोटमार आपण बातम्यांत वाचतोच. देवगडच्या गोंड राजांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा हा मुलूख. गोंडांच्या घरी जन्म, लग्न, मरण आणि देवकार्य यांत मोहाच्या दारूला मान असतो. ती तिथे नैवेद्याची वस्तू आहे.

तिची रीत साधी. वाळवलेली मोहफुले पाण्यात काही दिवस आंबवायची, म्हणजे सडवा तयार होतो. तो खालच्या मडक्यात घालून मंद आचेवर ठेवायचा. त्यावर बुडाला भोके असलेले दुसरे भांडे, त्याच्या आत धार झेलणारे लहान भांडे आणि सगळ्यात वर गार पाण्याचे पातेले. वाफ पातेल्याच्या बुडाला लागून थेंब पडतात. पाणी तापले की बदलायचे. जितक्या जास्त वेळा पाणी बदलाल तितका माल जास्त, पण शेवटचा फिका. मोठे भांडे घेऊन उपयोग नसतो, कारण वरचे पातेले तेवढी वाफ थंड करू शकत नाही आणि ती सांध्यांतून निसटते.

आता कायदा. मध्य प्रदेशात अजूनही जुन्या मध्य प्रांताचा १९१५चा अबकारी कायदा चालतो. त्यात अनुसूचित क्षेत्रांतल्या आदिवासींना स्वतःपुरती मोहाची दारू गाळायची सूट आहे, पण विकायची नाही. जवळ बाळगण्याची मर्यादा माणशी ४.५ लिटर, घराला १५ लिटर आणि लग्नकार्याला ४५ लिटर. साधा हिशेब मांडला तर ४-५ लिटर चांगल्या मालाला २०-२५ लिटर सडवा लागतो, म्हणजे भांडे ३० लिटरच्या आसपासचे. शंभर लिटरचे भांडे दिसले की तो धंदा, हे वेगळे सांगायला नको.

गंमत पुढे आहे. पांढुर्णा आणि सौसर हे दोन्ही तालुके सगळेच्या सगळे अनुसूचित क्षेत्रात नाहीत. पांढुर्ण्याचा बराचसा भाग आहे, सौसरची मात्र मोजकी पटवारी हलकी. राजपत्रात बहुतेक ठिकाणी हलक्यांचे क्रमांकच दिले आहेत. सरकारी कारकुनाला हे नवल वाटत नाही, पण देवाला नैवेद्य दाखवणाऱ्याने आपला हलका क्रमांक तपासावा ही कल्पनाच अजब.

आणि दक्षिणेला हद्द ओलांडली की नरखेड, सावनेर. १९५६पर्यंत हे सगळे एकाच राज्यात होते. नंतर विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९४९चा दारूबंदी कायदा तिकडेही लागू झाला. मग तेच मडके गुन्ह्याचे हत्यार ठरले. मडके कशाला, नुसती फुलेसुद्धा! मुंबई सरकारने १८९२ सालीच ठाणे-कुलाब्यात मोहफुले बाळगण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. महाराष्ट्राने फुले गोळा करण्यावरची, साठवण्यावरची बंधने उठवली ती थेट २०२१ साली.

आपल्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पुढे वारसा पेयाचा मानही मिळाला. मध्य प्रदेशाने २०२२ साली मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ ठरवून बचतगटांकडून बाटलीबंद विक्री सुरू करायचे धोरण आणले. त्या कारखान्यातली भांडी मात्र चुलीवर मावणारी नाहीत.