दान कोणाच्या खिशातून?

गिरणेचं आवर्तन कधी सोडायचं, आधी कोणाला द्यायचं, यावरून आपल्याकडे उन्हाळ्यात वाद ठरलेलाच. तो कानावर आला की मला अजिंठ्याचं १७ नंबरचं लेणं आठवतं.

जळगावहून नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर असं साठेक किलोमीटर गेलं की अजिंठा. पाहुणे आले की आपण जातोच. पण १ नंबरचा पद्मपाणी बघून झाला की निम्मे लोक दमतात. १७ नंबरला जा आणि डावीकडची भिंत सावकाश बघा. तिथे विश्वंतर जातक रंगवलं आहे. बुद्धाच्या आधीच्या जन्मातली, दानशूर राजपुत्राची ही कथा.

विश्वंतराकडे पाऊस पाडणारा पांढरा हत्ती होता. शेजारच्या कलिंगात दुष्काळ पडला, तिथले ब्राह्मण हत्ती मागायला आले आणि याने देऊन टाकला. लोक खवळले. हत्ती राज्याचा, पाऊस आमचा, तू कोण देणारा? राजाला पोटच्या पोराला वनवासात धाडावं लागलं. चित्रात रथ भर बाजारातून निघालाय, दोन्ही बाजूंना दुकानं, माणसं. पुढे त्याने घोडे दिले, रथ दिला. शेवटी बायको माद्री फळं आणायला गेलेली असताना जूजक नावाच्या म्हाताऱ्याला स्वतःची दोन्ही लेकरंसुद्धा देऊन टाकली!

गोष्टीचा शेवट गोड आहे. आजोबा पैसे मोजून नातवंडं सोडवतात. कलिंगात पाऊस झाल्यावर हत्तीही परत येतो. पण मनात राहतात ती लेकरंच. पुण्य बापाचं, किंमत त्यांनी मोजली.

युरोपातही संतांच्या दानाची चित्रं खूप आहेत. व्हॅन डाइक या फ्लेमिश चित्रकाराचं सतराव्या शतकातलं एक चित्र ब्रुसेल्सजवळच्या झाव्हेंटेमच्या चर्चमध्ये आहे. घोड्यावर बसलेला संत मार्टिन तलवारीने आपला झगा कापतोय, अर्धा भिकाऱ्यासाठी. साधा हिशोब. झगा स्वतःचा, थंडीही स्वतःलाच वाजणार.

आता आपल्या मातीतली गोष्ट. १७ नंबरचं लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, त्याच्या एका मांडलिक राजाने कोरून घेतलं. अभ्यासक त्याला उपेंद्रगुप्त म्हणतात. त्याचा प्रदेश ऋषीक, म्हणजे आजचा खानदेश, असं मिराशींसारख्या संशोधकांचं मत. व्हरांड्यातल्या संस्कृत शिलालेखात त्याचं दुःख कोरलेलं आहे. रविसांब हा धाकटा भाऊ अकाली गेला, राजाचं मन संसारावरून उडालं आणि तो दानधर्माकडे वळला. त्याच लेखात त्याने केलेल्या पाण्याच्या टाक्याचंही वर्णन आहे. गोड, हलकं, स्वच्छ, थंड आणि भरपूर पाणी.

मला हे टाकं फार महत्त्वाचं वाटतं. राजाचा पैसा म्हणजे शेवटी रयतेचाच, हे खरं. पण त्याने कोणाच्या वाट्याचं पाणी काढून तिसऱ्याला दिलं नाही. डोंगर फोडून नवं टाकं केलं.

आज टँकर सरकारी पैशाचा आणि त्यावर फोटो नेत्याचा. कालव्याचं पाणी वरच्यांना मिळालं तरी "आम्ही दिलं", खालच्यांना मिळालं तरी "आम्हीच दिलं". तहानलेल्याला पाणी द्यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण ते कोणाच्या वाट्यातून दिलं, त्याला विचारलं का, आणि पाऊस झाल्यावर त्याची भरपाई कोण करणार, हे विचारणारा माणूस कंजूष ठरत नाही. कथेतल्या लोकांनी तेच विचारलं होतं, आणि राजाला ते ऐकावं लागलं.

पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात तर १७ नंबरला दहा मिनिटं जास्त थांबा. मुलं सोबत असतील तर त्यांनाही ही गोष्ट सांगा. आणि त्या दोन लेकरांबद्दल त्यांना काय वाटतं, ते विचाराच.