वारुळातील जालाश्म आणि त्याची ओळख
(आहुपे येथील रानाच्या निमित्ताने)

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहुपे हे गाव वसले आहे. महादेव कोळ्यांची वस्ती, हिरड्याची झाडे आणि गावाने राखलेली देवराई ही त्याची परिचित लक्षणे होत. पावसाळी रात्री चमकणाऱ्या बुरशीमुळे भीमाशंकर-आहुपे परिसराकडे अलीकडे अभ्यासकांचे व प्रवाशांचेही लक्ष गेले आहे. परंतु भूमीच्या पोटात वाढणाऱ्या कवकांचा प्रश्न निराळा आहे. अशा रानात काळ्या सालीचा, कंदासारखा पिंड हाती आला, तर त्यास 'ट्रफल' म्हणण्याचा मोह सहज होतो. हे नाव कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ट्रफल हे संकवक असून ठरावीक वृक्षांच्या मुळांशी सहजीवन करूनच ते वाढते. टूबर इंडिकम ही जाती कुक व मॅसी यांनी १८९२ मध्ये हिमालयातील नमुन्यांवरून वर्णिली. तेथे ओक व पाइन यांची वने आहेत. आहुपे परिसरातील सदाहरित रान अंजनी, जांभूळ व पिसा या वृक्षांचे. ओक आणि पाइन येथे निसर्गतः नाहीत. डिप्टेरोकार्पेसी कुळातील वृक्षांच्या मुळांशीही अशी संकवके असतात, व कर्नाटकातील उप्पंगळ येथील अशा वनातील संकवकांचा वृत्तांत नटराजन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु त्या कुळाचा नैसर्गिक विस्तार सह्याद्रीच्या या उत्तर भागापर्यंत पोचत नाही. येथील वृक्षांची संकवके बहुतांशी निराळ्या प्रकारची असून ती ट्रफलसारखे मोठे फलपिंड निर्माण करीत नाहीत. तेव्हा कंदसदृश पिंडाची उत्पत्ती शोधताना वृक्षमुळांपूर्वी वारुळाकडे पाहणे सयुक्तिक ठरते.

वारुळातील कवकांच्या अभ्यासाचा आरंभ दक्षिण भारतात झाला. लिनीअसचा शिष्य योहान गेरहार्ड क्यनिग याने तंजावर भागातील वाळवीवर १७७९ मध्ये निबंध प्रसिद्ध करून तिच्या घरट्यातील कवकाचे वर्णन केले. त्या वेळी तंजावरास भोसल्यांचे राज्य होते. पुढे १८६० मध्ये करी व हॅनबरी यांनी लंडनच्या लिनीअन सोसायटीच्या ग्रंथमालेत 'स्क्लेरोशियम स्टिपिटाटम' या भूमिगत पिंडाची चर्चा केली. केरळात हाच पदार्थ 'निलमांगा', म्हणजे भुईआंबा, या नावाने औषधी म्हणून ओळखला जातो. मात्र स्क्लेरोशियम हे नाव केवळ वंध्य अवस्थेचे होते. त्यावरून कवकाचे खरे कुल कळत नव्हते.

हा दुवा जोडण्याच्या कामी श्रीलंकेतील पेरादेनिया येथील टी. पेच यांचे १९०६ चे संशोधन महत्त्वाचे ठरले. वाळवी नांदती असेपर्यंत तिच्या कवक-बागेत एक कवक प्रबळ असते. त्यालाच एम यांनी १९४२ मध्ये टर्मिटोमायसिस हे नाव दिले, व पावसाळ्यात वारुळावर उगवणारी खाद्य अळंबी ती हीच. वाळवीने घरटे सोडले, की दबून राहिलेले झायलेरिया कवक ती बाग व्यापते. झायलेरिया नायग्रिपीस हे काळे, जमिनीतून काठीसारखे वर येणारे कवक क्लोट्श याने १८३२ मध्येच वर्णिले होते. जमिनीतील गोळा हा त्याचा जालाश्म होय, हे यातून स्पष्ट झाले.

या इतिहासावरून ओळखीची पद्धती आपोआप निष्पन्न होते. पिंड आडवा कापावा. ट्रफलच्या गाभ्यात संगमरवरासारख्या रेषा दिसतात व सूक्ष्मदर्शकाखाली बीजुके भरलेल्या पिशव्या आढळतात. जालाश्माचा गाभा एकसारखा पांढरा असून काळ्या कवचाच्या आत बीजुके मुळीच नसतात. बाजूस सोडलेल्या घरट्याचे अवशेष आहेत की नाहीत, याचीही नोंद स्थळावरच करावी. तथापि, एवढ्यावरून जातीचे नाव निश्चित होते असे समजू नये. तैवानमधील वारुळांवरील झायलेरियांचा अभ्यास करून जू व शिए यांनी २००७ मध्ये दाखविले, की या गटात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत. वर आलेली काठी, तीवरील बीजुके आणि जनुकीय क्रम यांचा आधार मिळेपर्यंत नमुन्यावर केवळ 'झायलेरिया' लिहिणेच शास्त्रशुद्ध होय.

हा प्रश्न केवळ नामाभिधानाचा नाही. ट्रफल या नावामागे मोठा बाजार उभा आहे. चुकीच्या चिठ्ठीमुळे संग्रहालयातील एक नोंद बिघडेल. परंतु तीच बातमी गावोगाव गेली, तर वारुळे खणली जातील आणि देवराईची जमीन उकरली जाईल. गाडगीळ व वर्तक यांनी १९७६ मध्ये पश्चिम घाटातील देवरायांचे महत्त्व अभ्यासकांपुढे मांडले, ते प्रामुख्याने त्यांतील वनस्पतींच्या आधारे. त्या वनस्पतींच्या मुळाशी असलेली कवकसृष्टीही तितकीच जुनी व तितकीच राखणीस पात्र आहे. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर यांच्या नावाचा कवकसंग्रह आहे. एखादा नमुना स्थळ, वृक्ष व वारूळ यांच्या नोंदींसह अशा संग्रहात पोचला, तर पुढील अभ्यासकास त्याची पुनर्तपासणी करता येईल. ज्या पिंडाला आपले कुल मिळण्यास दीर्घ काळ लागला, त्याच्या बाबतीत नाव देण्याची घाई न करणे हेच इतिहासाचे सांगणे आहे.