झेरमाटच्या पायवाटा

स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला, इटलीच्या सरहद्दीला पाठ टेकून बसलेले झेरमाट हे गाव आज जगाला ठाऊक आहे ते एका शिखरामुळे. मॅटरहॉर्नचे ते 4,478 मीटर उंचीचे, मान किंचित वाकडी केलेले शिखर ज्याने चित्रातसुद्धा पाहिले नाही, असा माणूस विरळा. गावाचा इतिहास सांगणारेही बहुधा त्या शिखरापासूनच आरंभ करतात. जणू 1865 पूर्वी तिथे काही घडलेच नव्हते! मी त्या गावाभोवती काही दिवस पायी हिंडलो, तेव्हा माझे मन मात्र माथ्यावरच्या शिखरापेक्षा पायाखालच्या वाटेतच अधिक गुंतले. माणसाच्या हिशेबात शिखराचे वय अवघे एकशे साठ वर्षांचे आहे. वाटेचे वय हजारो वर्षांचे आहे. आणि शिखराची कीर्ती वाटेच्या पाठीवर बसूनच वर गेली, हे सहसा कोणी सांगत नाही.

झेरमाट या नावाचा अर्थच मुळी ‘कुरणापाशी’ असा. गाव सुमारे 1,600 मीटर उंचीवर आहे. तिन्ही बाजूंनी चार हजार मीटरांच्या घरातले डोंगर आणि उत्तरेकडे नदीने कोरून काढलेली अरुंद घळ, अशी त्याची जागा. 1891 मध्ये खालच्या फिस्प गावाहून आगगाडी आली. तोवर खाली उतरायचे तर खेचराच्या वाटेवाचून गत्यंतर नव्हते. अशा गावाला दक्षिणेचा हिमाच्छादित डोंगर म्हणजे भिंत वाटत असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या लोकांना ते दार वाटत होते.

त्या दाराचे नाव थिओडुल खिंड. उंची सुमारे 3,300 मीटर. पलीकडे इटलीचे आओस्ता खोरे. या वाटेच्या परिसरात नवाश्मयुगातली दगडी कुऱ्हाड सापडली आहे. खिंडीजवळ रोमन नाणी मिळाली आहेत. म्हणजे रोमचे साम्राज्य उभे राहण्यापूर्वीही कोणीतरी ही चढण चढत होते, आणि ते साम्राज्य भरात असताना व्यापारी कनवटीला नाणी लावून इथूनच जात होते. मध्ययुगात या व्हॅले प्रांतातून जर्मन बोलणारी वाल्सर मंडळी डोंगर ओलांडून दक्षिणेकडे गेली आणि मोंते रोझाच्या पलीकडच्या उतारांवर त्यांनी वस्त्या केल्या. नकाशावर ज्याला आपण सरहद्द म्हणतो, ती त्यांच्या लेखी चांगल्या हवेतली एका दिवसाची चाल होती.

खिंडीला नाव मिळाले ते चौथ्या शतकातील बिशप थिओडुल यांच्यावरून. त्यांच्याविषयी एक दंतकथा आहे. रोममध्ये मिळालेली जड घंटा त्यांनी एका सैतानाच्या पाठीवर लादून आल्प्सपार आणली म्हणे! कथा कथेच्या ठिकाणी ठेवू. पण ओझे पाठीवर घेऊन खिंड चढणाऱ्याच्या मनात ते ओझे सैतानाच्या पाठीवर द्यावे असे आले असेल, तर त्याला दोष कसा द्यावा?

या वाटेवरचा सर्वांत बोलका साक्षीदार मात्र दंतकथेतला नाही. 1984 नंतरच्या काही वर्षांत वरच्या हिमनदीच्या वितळत्या बर्फातून एका माणसाचे अवशेष बाहेर आले. तो इसवी सन 1600 च्या सुमारास तिथे मेला होता. त्याच्यापाशी तलवार होती, कट्यार होती, पिस्तूल होते, नाणी होती. शस्त्रे पाहून लोकांनी त्याला भाडोत्री शिपाई ठरवले आणि तेच नाव रूढ झाले. पुढे अभ्यासकांनी कपडे आणि इतर वस्तू बारकाईने तपासल्या, तेव्हा तो सैनिक नसून कामधंद्यासाठी निघालेला सुखवस्तू प्रवासी असावा, असे मत पुढे आले. त्या काळी सावध प्रवासी शस्त्र बाळगूनच निघत असे. इतिहासाला शिपाई चटकन दिसतो, वाटसरू उशिरा दिसतो, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

दूरच्या वाटांइतक्याच गावातल्या वाटाही वाचण्याजोग्या आहेत. झेरमाटहून फिंडेल्नच्या वाडीकडे चढत गेले, की दोन हजार मीटरांच्या वर काळवंडलेल्या लाकडाची धान्याची कोठारे लागतात. प्रत्येक कोठार लाकडी पायांवर उभे, आणि पाय व कोठार यांच्यामध्ये एकेक गोल सपाट दगड ठेवलेला. उंदराने पाय चढून यावे आणि दगडाच्या कडेखाली डोके आपटून परत जावे, अशी ती युक्ती. एवढ्या उंचीवर हे लोक राय नावाचे धान्य पिकवीत. युरोपातील सर्वांत उंच शेतांत फिंडेल्नची गणना होत असे. आज सहल म्हणून आपण ज्या वाटेने जातो, ती पेरणीची, कापणीची, गुरे वर नेण्याची आणि गवताचे भारे खाली आणण्याची वाट होती. तिचा चढ पाहावा: ओझे घेतलेल्या माणसाचा दम जिथे तुटेल, तिथेच ती वळण घेते. बर्फ वितळल्यावर ढासळलेली वाट पुन्हा बांधणे हे व्हॅलेतल्या गावांतून गावकीचे काम असे. वाट पायांनी पडते, पण टिकते ती हातांनी.

आता शिखराची गोष्ट सांगायला हरकत नाही, कारण तीही या वाटांवरूनच येते. 1865 च्या 12 जुलैला एडवर्ड व्हिंपर हा इंग्रज तरुण इटलीच्या बाजूने थिओडुल खिंड ओलांडून झेरमाटला आला. बरोबर लॉर्ड फ्रान्सिस डग्लस होते. येता येता श्वार्झझे नावाच्या काळ्या तळ्याकाठी हिमदेवी मेरीचे चिमुकले देऊळ लागते. हिमनदीवर धुक्यात चुकलेल्या दोघा गावकऱ्यांनी सुखरूप परतल्यावर ते बांधले, अशी त्याची कथा. व्हिंपरने आपला तंबू आणि दोरखंड त्या देवळात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलले. 14 जुलैला सात जण माथ्यावर पोहोचले. उतरताना हॅडो घसरला, शामोनीचा वाटाड्या मिशेल क्रो, पाद्री हडसन आणि डग्लस त्याच्याबरोबर खेचले गेले, दोर तुटला. वाचले तिघे: व्हिंपर आणि झेरमाटचे पीटर टाउगवाल्डर बापलेक.

व्हिंपरचे नाव जगभर झाले. थोरल्या टाउगवाल्डरच्या वाट्याला चौकशी आली. चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी दोर त्यानेच कापला, ही कुजबूज काही थांबली नाही. काही काळ तो अमेरिकेला जाऊन राहिला, परत आला, आणि 1888 मध्ये त्याच श्वार्झझेपाशी त्याने देह ठेवला. तुटलेल्या दोराचा तुकडा आज गावच्या संग्रहालयात काचेआड आहे. मी तो पाहिला. करंगळीएवढ्या जाडीचा तो दोर पाहताना मला व्हिंपरचे धाडस आठवले नाही. आपल्याच गावच्या वाटेवर मान खाली घालून चालणारा तो वाटाड्या आठवला.

अपघाताने लोक घाबरतील असे वाटले होते, झाले उलटेच. पाहुण्यांची रीघ लागली. गावात अलेक्झांडर झायलर हा गृहस्थ 1850 नंतरच्या दशकापासून खाणावळीचा धंदा करीत होता. त्याची हॉटेले वाढली. पाहुण्यांसाठी खेचरांच्या वाटा रुंद झाल्या. मार्क ट्वेनने 1880 च्या प्रवासवर्णनात तीन तासांच्या रिफेलबर्गच्या चढणीला सात दिवसांच्या मोहिमेचे रूप देऊन या गिर्यारोहणाच्या वेडाची मनसोक्त टिंगल केली. पण झायलरने 1871 मध्ये गावकीचा हक्क मागितला, तेव्हा गावकऱ्यांनी साफ नकार दिला. तो तंटा 1889 पर्यंत चालला आणि वरून आलेल्या निकालापुढे गावाला नमावे लागले. गावकऱ्यांना कद्रू म्हणणे सोपे आहे. त्या हक्कात सामाईक कुरण, रान आणि पाणी यांचा वाटा होता. ज्यांच्या वाडवडिलांनी ती कुरणे आणि वाटा राखल्या, त्यांना तो वाटा पैशाने मिळू नये असे वाटले, तर त्यात नवल ते काय? आणि ज्या माणसाने गावाला भाकरीचा नवा मार्ग दाखवला, त्याला अठरा वर्षे उंबऱ्याबाहेर ठेवणे, हेही न्यायाचे म्हणवत नाही. दोन्ही बाजूंना आपापले खरे होते.

1898 मध्ये गोर्नरग्राटची विजेवर चालणारी दातेरी रेल्वे सुरू झाली आणि 3,000 मीटरांच्या वर बसून जाता येऊ लागले. वाटांचे दिवस सरले, असे तेव्हा कोणीही म्हटले असते. पण जिथे गाडी पोहोचली, तिथेच चालण्याची तहान वाढली. मोटारींच्या धुळीला कंटाळलेल्या योहान याकोब एस नावाच्या शाळामास्तराने 1930 नंतरच्या दशकात पिवळ्या दिशाफलकांची कल्पना मांडली. त्या फलकांवर अंतर लिहीत नाहीत, चालायला लागणारा वेळ लिहितात. डोंगरात मैलांना अर्थ नसतो, हे त्या देशाने ओळखले. 1979 मध्ये पायवाटांचे संरक्षण राज्यघटनेत घालावे काय, असा कौल घेतला गेला आणि शेकडा 77 हून अधिक मतदारांनी होकार दिला. आज सुमारे 65,000 किलोमीटर पायवाटा त्या छत्राखाली आहेत.

तरीही घटनेचे कलम बर्फाला बांधून ठेवू शकत नाही. 1991 मध्ये शेजारच्या रांडा गावावर डोंगराचा कडा दोनदा कोसळला. ग्रेखेनहून झेरमाटला येणारी उंचावरची वाट दरडींमुळे वारंवार बदलावी लागली. तिच्यावरचा 2010 मधला झुलता पूल दगडांनी निकामी केला, तेव्हा 2017 मध्ये 494 मीटर लांबीचा नवा पूल बांधावा लागला. 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या बर्फाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. चारशे वर्षे वाटसरूला पोटात ठेवणारा बर्फ त्याला परत करू लागला, ही बातमी शास्त्रज्ञांना आनंदाची. वाटेला मात्र ती सावधगिरीची सूचना आहे.

रायची शेते ओस पडली, खेचरे गेली, घंटा आणणारा सैतानही गेला. वाटा राहिल्या, कारण प्रत्येक पिढीत कोणीतरी कुदळ घेऊन वर गेले. आजही उन्हाळ्याच्या तोंडाला कामकरी ढासळलेले दगड पुन्हा रचताना दिसतात. शिखर सर करणाऱ्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत. या रचणाऱ्यांची नावे कुठेही नाहीत. त्यांनी रचलेल्या दगडांवरून मात्र आपण सगळे चालत आहोत.