डागडुजीची शेवटची रेघ

मुळशी तालुक्यात नांदे-चांदे ही नावं जोडीनंच घेतली जातात. मुळेच्या खोऱ्यातला हा भाताचा पट्टा. हिंजवडीचं आयटी पार्क जवळ आल्यापासून इथं जमिनीचे भाव चढले आणि मातीच्या भिंती पडून सिमेंटच्या उभ्या राहिल्या. त्याच सिमेंटच्या घरांत आता गेरूची किनार, झेंडूचं तोरण, शेणामातीचा पोत यांची हौस परतली आहे, ‘कमी खर्चातली पारंपरिक सजावट’ म्हणून. पण या पट्ट्यातल्या घरांत सजावट हे वेगळं काम नव्हतंच. घराच्या डागडुजीची ती शेवटची पायरी होती.

याचा पुरावा मातीत आहे आणि पंचांगातही. मातीची भिंत पावसाळ्यात खालून भिजते, वरून ओघळते. पाऊस सरला की माती चाळून त्यात भाताचं तूस किंवा बारीक पेंढा मिसळायचा, पाणी घालून तुडवायची आणि मुरू द्यायची. तुसामुळे गिलावा वाळताना कमी तडकतो. मग त्यावर शेणकाल्याचा हात. तळवा अर्धगोल फिरतो, बोटांच्या खुणा उमटतात आणि वाळल्यावर भिंतभर कमानी दिसू लागतात. ही नक्षी कुणी काढायला बसलेलं नसतं. वर पांढरी माती किंवा चुना, खाली गेरूचा पट्टा. तो पट्टा नेमका पायथ्याशी, कारण सडा-सारवणाचे शिंतोडे तिथंच उडतात आणि लाल रंगावर ते खपून जातात, असं मला वाटतं. हे सगळं नवरात्राच्या तोंडावर, म्हणजे पाऊस ओसरल्यावर. घरोघरी ‘दसरा काढतात’ तो याच दिवसांत: गोधड्या नदीवर, भांडी अंगणात, जळमटं खाली. तोरण बांधायचं ते इतकं झाल्यावर. रांगोळीही सारवलेल्या ओल्या भुईवरच धरते, आणि पुढच्या सारवणात जाते.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा धर्माचा भाग आहे, डागडुजीचा काय संबंध? चैत्रांगण गौरीसाठी, उंबऱ्यापासून उमटवलेली पावलंही गौरीचीच. मान्य. पण अर्थ धर्मानं दिला तरी जिन्नस हंगामानं पुरवला. भाद्रपदात डोंगरउतारांवर तेरडा फुललेला असतो, म्हणून अनेक घरांत गौर तेरड्याची. आणि पावलं उमटायला भुई आधी सारवलेली लागतेच. दुसरा आक्षेप असा की ही गरिबीची तडजोड होती. तीही नव्हे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त धूलिचित्रांचा उल्लेख आहे. भुकटीनं चित्र काढणं राजाच्या ग्रंथात मोलाचं ठरलं, ते परवडत नाही म्हणून नव्हे.

विकतची सजावट काल आली, असंही समजू नये. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1878मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली, तिथून देवदेवतांची आणि मराठी वीरांची रंगीत चित्रं छापून निघू लागली. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांत मळवलीला, म्हणजे मुळशीच्या शेजारच्या मावळात, आला. अशी छापील चित्रं खिळ्याला लागली तरी खालची भिंत पोतारावीच लागे. बाजारानं सजावट बदलली, पण तिचा डागडुजीशी असलेला सांधा तोडला तो सिमेंट आणि फरशीनं. फरशी सारवावी लागत नाही, त्यामुळे रांगोळी स्टिकरची असली तरी भागतं.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो मला खोडून काढता येत नाही. ही सजावट स्वस्त होती, कारण बाईच्या श्रमाचा हिशेब कुणी मांडलाच नाही. शेण गोळा करणं, माती वाहून आणणं, वाकून घर सारवणं, तेही पहाटेच्या दळण-पाण्यानंतर आणि शेतावर जाण्याआधी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांत मुळशीच्या बायकांच्याही पुष्कळ आहेत. दारची तुळस आणि अंगण या गीतांत येतं, तसे कष्टही येतात. म्हणून फरशी बसली तेव्हा बाईची कंबर सुटली, याला मी ऱ्हास म्हणणार नाही. ऱ्हास झाला तो जाणकारीचा: कुठली माती चिकट, तूस किती, काला किती दाट. हे ठाऊक असलेल्या बायका नांदे-चांदे परिसरात आज सत्तरीपुढच्या असतील. गेरूचा डबा आणायला निघालेल्यांनी आधी त्यांच्याकडे जावं, ओव्या उतरवून घेतल्या तशी ही प्रमाणंही उतरवून घ्यावीत, आणि भिंत त्यांच्याकडून करून घ्यायची असेल तर गवंड्याइतकी मजुरी द्यावी.