ओलीचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दसरा जवळ आला की माझे मामू रानात उकिडवे बसत. हाताने वीतभर माती उकरत आणि खालची माती मुठीत दाबून तिचा लाडू करत. लाडू वळला, पण हाताला चिखल लागला नाही, की म्हणत, "वाफसा आलाय, पाभर काढा." चिखलही नाही आणि धूळही नाही अशी जमिनीची मधली अवस्था सांगणारा हा शब्द मला फार आवडतो. मात्र मामूंचा अंदाज चुकला, तर वर्षाची ज्वारी गेली. कारण रब्बीच्या पिकाला वरून पाऊस फारसा नसतोच. भाद्रपद-आश्विनात जमिनीत मुरलेल्या ओलीवर ते थंडीभर जगते.

पुढे एका प्रयोगशाळेत हाच प्रश्न तराजूवर सोडवताना पाहिला. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण ती रीत मलाही समजली. शेतात गिरमिटाने वेगवेगळ्या खोलीवरची माती काढायची आणि लगेच ॲल्युमिनियमच्या डबीत घट्ट झाकायची, वाटेत ओल उडायला नको म्हणून. डबीचे वजन करायचे. मग झाकण काढून ती १०५ अंश सेल्सियसच्या भट्टीत चोवीस तास ठेवायची, कोरड्या जागी गार करायची आणि पुन्हा वजन करायचे. जेवढे वजन घटले तेवढे पाणी. शंभर ग्रॅम ओली माती वाळून ऐंशी ग्रॅम उरली, तर पाणी वीस ग्रॅम. मात्र भागायचे ते कोरड्या मातीच्या वजनाने. म्हणजे ओल वीस नव्हे, पंचवीस टक्के. ओल्या मातीचे वजन रोज बदलते, कोरडीचे बदलत नाही. म्हणून माप तिच्यावर बांधायचे.

पण ही पंचवीस टक्के ओल सगळी पिकाच्या कामाची असते का? हा प्रश्न अमेरिकेच्या कृषी खात्यातील लायमन ब्रिग्ज आणि होमर शान्ट्झ यांनी धसास लावला. त्यांनी कुंड्यांत रोपे वाढवली, मातीचे तोंड मेणाने बंद केले आणि रोपे कोमेजेपर्यंत वाट पाहिली. दमट हवेत ठेवूनही रोप सावरले नाही, की त्या मातीत किती पाणी उरले ते मोजले. १९१२ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. रोप मरणाला टेकते तेव्हाही मातीत पाणी असते, आणि ते किती उरते हे मुख्यतः मातीच्या जातीवर ठरते. वाळूत शंभर ग्रॅममागे दोन-चार ग्रॅम उरते, तर भारी काळ्या जमिनीत पंधरा-वीस ग्रॅमही उरू शकते. बारीक कणांनी धरून ठेवलेले ते पाणी मुळांना ओढता येत नाही. काळी आई पाणी पुष्कळ साठवते, पण सगळे देत नाही.

आपल्याकडे हा हिशेब दुष्काळाने शिकवला. १८७६-७८ आणि १८९६ नंतरच्या दुष्काळांनी सोलापूर-विजापूरचा मुलूख पोळून काढला होता. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू केले. पुढे १९३३ ते १९३५ या काळात सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथे संशोधन केंद्रे निघाली. पाऊस किती पडला, त्यातला वाहून किती गेला आणि जमिनीत किती राहिला, असे प्रश्न तिथे हाताळले गेले. त्यातून बांध घाला, कुळव फिरवून जमीन भुसभुशीत ठेवा, दोन ओळींत अंतर जास्त आणि बियाणे कमी ठेवा, कोळपणी करा, अशी 'मुंबई पद्धत' तयार झाली. एन. व्ही. कानिटकर यांनी १९४४ मध्ये भारतातील कोरडवाहू शेतीवर ग्रंथच लिहिला.

या पद्धतीने उत्पन्न वाढले, पण थोडेच. ओल मोजता आली म्हणून ती वाढत नाही. १९७२ च्या दुष्काळात याच भागातली माणसे खडी फोडायला गेली.

मग या डब्यांचा उपयोग काय? मामूंची मूठ क्षणात उत्तर देई, भट्टी दुसऱ्या दिवशी देते. पण मामू गेले तेव्हा ती मूठही गेली. कोणत्या साली किती ओलीवर पेरले आणि काय पिकले, हे त्यांच्यामागे कुणाला सांगता आले नाही. डबीतले आकडे मात्र वहीत राहतात. यंदाची ओल मागच्या दुष्काळातल्या ओलीशी ताडून पाहता येते. आज जमिनीत खुपसताच आकडा दाखवणारी यंत्रे आली आहेत. तरी त्यांचा आकडा खरा की खोटा, हे ठरवायला अजून तीच डबी भट्टीत जाते.

आमच्या कवितेत 'ओलावा' हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो. ती प्रयोगशाळा पाहिल्यापासून तो लिहिताना माझा हात जरा थांबतो. ज्यांची वर्षभराची भाकरी त्यावर अवलंबून होती, त्यांनी तो ग्रॅमग्रॅमने मोजला आहे.